घंटी वाजली नाही, तर कार्ड बाजूला! फॉर्मवरची माहिती मशीनला वाचायला लावणारे हर्मन हॉलरिथ

ऑनलाइन फॉर्म भरला, सबमिट दाबलं आणि पुढे काहीच झालं नाही. मग चूक नेमकी कुठे झाली? माहिती भरताना, ती पाठवताना की पलीकडे सर्व्हरने वाचताना? वेब डेव्हलपरचा बराच वेळ हे शोधण्यातच जातो. पण इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी हर्मन हॉलरिथ यांना हाच प्रश्न सोडवावा लागला होता.

हॉलरिथ यांचा जन्म 1860 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात झाला. आईवडील जर्मनीहून आलेले. कोलंबियातून खाणकामाची इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ते 1880 च्या जनगणनेच्या कामाला लागले. तिथे लाखो फॉर्म हाताने मोजले जात होते. हे काम सात-आठ वर्षं चाललं. लोकसंख्या तर वाढत होती. म्हणजे एक मोजणी संपेपर्यंत दुसरी दारात उभी!

हॉलरिथ यांनी उपाय काढला तो पंच कार्डचा. फॉर्मवरचं प्रत्येक उत्तर म्हणजे कार्डावरच्या ठरलेल्या जागी एक भोक. कार्ड मशीनमध्ये ठेवून दांडा खाली दाबला की भोकातून पिन खालच्या पाऱ्यात बुडायची, वीजप्रवाह सुरू व्हायचा आणि त्या उत्तराचा काटा एक घर पुढे सरकायचा.

आता खरी गंमत बघा. कार्ड नीट वाचलं गेलं की घंटी वाजायची. भोक राहून गेलं असेल किंवा कार्ड नीट बसलं नसेल, तर घंटी गप्प. मग ते कार्ड बाजूला काढून मूळ फॉर्मशी ताडून बघायचं. आज फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा राहिला की सर्व्हर एरर पाठवतो, तसंच हे. अर्थात मर्यादाही तीच होती. वय 30 ऐवजी 40 च्या जागी भोक पडलं, तरी घंटी वाजणारच. पूर्ण माहिती म्हणजे बरोबर माहिती नव्हे.

1889 मध्ये सरकारने तीन पद्धतींची स्पर्धा घेतली. हॉलरिथ यांच्या मशीनने मोजणी साडेपाच तासांत उरकली, इतर दोघांना 44 तासांहून जास्त लागले. 1890 च्या जनगणनेचं काम त्यांनाच मिळालं आणि सव्वासहा कोटींच्या आसपासचा एकूण आकडा काही आठवड्यांत जाहीर झाला.

1896 मध्ये त्यांनी कंपनी काढली. पुढे भाड्यावरून जनगणना विभागाशी बिनसलं आणि विभागाने स्वतःची मशीन बनवायला घेतली. 1911 मध्ये हॉलरिथ यांची कंपनी विकली जाऊन इतर कंपन्यांमध्ये विलीन झाली. 1924 मध्ये तिचं नाव झालं आयबीएम. 1929 मध्ये वॉशिंग्टनमध्ये हॉलरिथ यांचं निधन झालं.

पंच कार्डं आता इतिहासजमा झाली. पण फॉर्म अडकला की डेव्हलपर आजही तेच करतो: काय पाठवलं आणि पलीकडे काय पोहोचलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघतो.