बर्फावरचा करडा गुरू

बर्फावरची हॉकी आपल्याकडे फारशी कुणी पाहत नाही. तरी टो ब्लेक या माणसाने मला भुरळ घातली. खरे नाव हेक्टर. धाकट्या बहिणीला ते नीट उच्चारता येईना, ती ‘हेक-टो’ म्हणे. त्यातला ‘टो’ त्याला जन्मभर चिकटला.

१९१२ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एका खाणवस्तीत तो जन्मला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघात मोरीस रिशारच्या जोडीने गाजला. जानेवारी १९४८ मध्ये पाय मोडला आणि मॉन्ट्रियलकडून खेळणारा ब्लेक तिथेच संपला.

१९५५ साली तो त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. पहिल्या पाचही हंगामांत स्टॅनले कप मॉन्ट्रियललाच! माणूस मात्र करडा. गोलरक्षक जाक प्लान्त सरावात मुखवटा घाली. सामन्यात ब्लेकला तो खपत नसे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये रबरी चकती प्लान्तच्या तोंडावर आदळली. टाके घालावे लागले. मुखवट्याशिवाय उतरणार नाही, असे त्याने ठणकावले. संघाकडे दुसरा गोलरक्षक नव्हता. ब्लेक नमला. सामना जिंकला आणि त्याच हंगामात पाचवा कपही आला.

बँकेच्या नोकरीत मी कडक साहेब पुष्कळ पाहिले. वेळ येताच आपला हुकूम मागे घेणारे त्यांत थोडेच.

१९६८ साली आठवा कप जिंकून ब्लेक निवृत्त झाला. अखेरची वर्षे मात्र अल्झायमरने ग्रासली. १९९५ साली तो गेला, तेव्हा त्याचे विजय आठवायचे काम मॉन्ट्रियलकरांकडे उरले होते.