राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : अहिंसा आणि बळ

एके दिवशी गुरुजी वर्गात महाभारत सांगत होते. तेव्हा आमच्यातल्या एकाने विचारले की अहिंसा हा जर मोठा धर्म आहे, तर श्रीकृष्णाने अर्जुनाला लढायला का लावले? गुरुजी म्हणाले, आधी घरी मोठ्या माणसांना विचारून या.

मी आबाजींना विचारले. आबाजी भजनात खंजिरी वाजवतात. त्यांनी मला तुकडोजी महाराजांचे चरित्र सांगितले. तेच मी इथे लिहीत आहे.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. घर गरिबीचे होते. त्यांचे खरे नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनीच माणिकचे नाव तुकड्या ठेवले, असे सांगतात. लहानपणीच घर सोडून ते रामटेक, सालबर्डी, गोंदोडा इकडच्या जंगलात फिरले. मग खंजिरी घेऊन गावोगावी भजने म्हणू लागले. देवापुढे बकरे-कोंबडे कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, गाव झाडून स्वच्छ ठेवा, असे ते लोकांना सांगत. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावले. तिथे ते सुमारे महिनाभर राहिले.

आता चिमूरची गोष्ट ऐका. आपल्या लाखांदूरहून वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरी, आणि त्याच्याही पुढे चिमूर. १९४२ साली 'चले जाव'ची चळवळ सुरू झाली. महाराजांच्या भजनांनी तिकडचे लोक जागे झाले होते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा शहीद झाला. मग लोक खवळले. त्यांनी सरकारी बंगल्याला आग लावली आणि त्या दिवशी सरकारची चार माणसे मारली गेली. पुढे गोरे सैन्य आले. त्यांनी घरे लुटली, आयाबहिणींवर अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. महाराजांनाही त्याच ऑगस्टमध्ये अटक झाली. त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले होते.

इथपर्यंत ऐकून मी आबाजींना म्हटले की चिमूरच्या लोकांनी बरोबरच केले. आबाजी थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, गोळीसमोर छाती काढून उभे राहिले ते शूरच होते. पण ती जी चार माणसे मेली, त्यांच्याही घरी लेकरेबाळे असतीलच ना. रागाच्या भरात उचललेला हात कुठे थांबायचा ते कळत नाही. मला यावर काही उत्तर देता आले नाही.

तुरुंगातून सुटल्यावर महाराज पुन्हा कामाला लागले. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून त्यांचे काम चाले. १९४३ साली त्यांनी गुरुदेव सेवा मंडळ काढले. पुढे ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली. विनोबांच्या भूदानासाठी ते फिरले. १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. पण १९६२ साली चीनने आणि १९६५ साली पाकिस्तानने हल्ला केला, तेव्हा हेच महाराज सीमेवर गेले आणि त्यांनी भजने म्हणून जवानांना धीर दिला. बकऱ्याच्या मानेवरची सुरी थांबवणारा संत बंदूक घेतलेल्या जवानाला धीर द्यायला गेला, याचे मला आधी नवल वाटले.

आबाजींनी समजावले, तेव्हा कळले. बकरा कोणाचे काय बिघडवतो? त्याला मारणे ही हिंसा. जवान मात्र आपले घर राखायला उभा असतो. श्रीकृष्णसुद्धा आधी हस्तिनापूरला समेट करायला गेले होते. पांडवांना पाच गावे द्या, एवढेच त्यांनी मागितले. दुर्योधनाने सुईच्या टोकावर राहील एवढी मातीही दिली नाही, तेव्हा लढाई झाली. आणि त्याच लढाईत अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्या पोरांना मारले, त्याला कोणी शूर म्हटले नाही. म्हणजे बळ वापरायच्या आधी सगळे उपाय करून पाहावे, ते दुबळ्याला वाचवण्यासाठीच वापरावे, आणि सूड मनात ठेवू नये. भिऊन पळणे म्हणजे अहिंसा नव्हे, आणि चिडून मारणे म्हणजे शौर्य नव्हे.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला गेले. त्यांची समाधी तिथेच आहे.

मित्रांनो, मधल्या सुट्टीत मोठा पोरगा लहानाला मारत असला तर आपण काय करतो? काही जण पाहत राहतात, काही जण मारामारीत उडी घेतात. मी आता ठरवले आहे की आधी मधे उभे राहायचे आणि तोंडाने सांगायचे. ऐकले नाही तर त्याचा हात धरायचा, पण आपण हात उगारायचा नाही. मला हे जमेलच असे नाही. पण करून पाहीन.

पालकांनो, तुम्हीही घरी हा प्रश्न आपल्या मुलांना विचारून पाहा.

जय गुरु!

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी