संगमनेरच्या जोश्यांची सून

आनंदीबाई जोशी हे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? पहिल्या भारतीय स्त्री-डॉक्टर म्हणून मुलांच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव येते. परंतु आनंदीबाईंचे सासर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील संगमनेर, हे आपल्या पुष्कळ भगिनींच्या ध्यानात नसते. त्यांचे यजमान गोपाळराव विनायक जोशी हे मूळचे संगमनेरचे. म्हणजे नात्याने आनंदीबाई आपल्या जिल्ह्याची सून होत. यंदाच्या स्मरणिकेत या सुनेविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. त्यातही त्यांनी परदेशात विद्यार्थिनी म्हणून जी तीन वर्षे काढली, त्यांविषयी लिहावयाचे आहे. कारण पदवीचे कौतुक सर्वांनी केले, पण ती तीन वर्षे कशी गेली हे फारसे कोणी विचारीत नाही.

माहेरचे नाव यमुना. माहेर कल्याणचे जोशी. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी, १८७४ साली लग्न झाले. गोपाळराव बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे, पोस्टखात्यात नोकरीस. मुलीला मी शिकविणार, ही अट त्यांनी लग्नाआधीच घातली होती. त्या काळी सासरी गेलेल्या मुलीच्या हातात पुस्तक दिसले तर मार बसे. येथे अभ्यास टाकून मुलगी स्वयंपाकघरात रमली की मार बसे. लाकडाचा मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या, हे सारे आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेहून नवऱ्यास लिहिलेल्या पत्रात स्पष्ट मांडले आहे. गोपाळरावांना कोणी देव करतात, कोणी राक्षस. मला वाटते, ते दोन्ही नव्हते. बायको शिकली ती त्यांच्या हट्टाने, आणि बायकोला सोसावे लागले तेही त्यांच्या हट्टानेच.

चौदाव्या वर्षी मुलगा झाला व अवघ्या दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते, हे त्यांच्या मनाने घेतले. पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे सांगण्यापेक्षा बायका मरण पत्करीत, असा तो काळ. आपण स्वतः डॉक्टर व्हावे, हा विचार येथून रुजला.

पुढे योग कसा जुळून आला पाहा. कोल्हापुरास वाइल्डर नावाचे अमेरिकन पाद्री होते. हे वाइल्डर हिंदुस्थानात आले ते प्रथम आपल्या नगरच्या मिशनमध्ये, १८४६ साली, आणि तेथून कोल्हापुरास गेले. अमेरिकेस परतल्यावर ते एक मासिक चालवीत. गोपाळरावांनी त्यांना पत्र लिहून बायकोच्या शिक्षणाची सोय विचारली. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र मासिकात छापले आणि ख्रिस्ती व्हावे असा सल्ला सोबत जोडला. सल्ला कोणी मानला नाही. पण न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या असता त्यांच्या हाती तो अंक पडला. ओळख ना देख, परंतु त्यांनी आपण होऊन हिंदुस्थानात पत्र धाडले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. तब्येत बरी नसे म्हणून मावशी तिकडून औषधेही पाठवीत.

पोस्टाच्या बदलीने जोडपे बंगाल्यात गेले होते. दोघांच्या प्रवासाला पैसा पुरेना, तेव्हा गोपाळरावांनी बायकोला एकटीलाच पाठविण्याचे ठरविले. लोकांनी नावे ठेवली. मग २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात (हे बंगालचे श्रीरामपूर, आपले नव्हे!) आनंदीबाई भर सभेत उभ्या राहिल्या. आपल्या देशात स्त्री-डॉक्टरांची गरज किती आहे हे त्यांनी सांगितले, आणि हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे निक्षून सांगितले. वय पुरते अठरासुद्धा नव्हते. अंगावरचे सोने विकून तिकिटाची भर केली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोट सुटली ती जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. बोटीवर मांसाहार होता. बाईंनी बव्हंशी उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढले.

उन्हाळा कार्पेंटर मावशींच्या घरी गेला आणि हिवाळ्याच्या तोंडावर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात नाव दाखल झाले. हे कॉलेज १८५० सालचे. तेथल्या प्रमुख रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची मदत देवविली. येथून खरी परीक्षा सुरू झाली. अभ्यासाची नव्हे, त्यात त्या हुशारच होत्या. परीक्षा थंडीची. खोलीतील शेगडीचे धुराडे नीट नव्हते. पेटविली तर खोलीभर धूर, न पेटविली तर अंग गोठून जाई. दोहोंपैकी एक पत्करून पुस्तक उघडायचे. मांसमच्छर वर्ज्य, म्हणून कॉलेजातून येऊन आपले आपण रांधायचे. पहिल्याच हिवाळ्यात घटसर्पाने गाठले.

आणि लुगड्याचा प्रश्न! नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात हे आपण जाणतोच. बर्फात ते कसे चालावे? त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसावयास सुरुवात केली. आपणांस यात काही विशेष वाटणार नाही. परंतु तेवढ्यासाठीही नवऱ्याला पत्राने कारण द्यावे लागले. फोटो पाठविला तर त्यातही गोपाळरावांना खोट दिसे. बायको एकटी गेली, आता ती बदलेल, ही शंका पाठविणाऱ्यालाच सुटेना. पत्र पोहोचायला महिन्याहून अधिक लागे. आज आपल्या ओळखीतली मुले शिकण्यास परदेशी जातात, रोज रात्री मोबाईलवर तोंड दिसते, तरी आईच्या घशाखाली घास उतरत नाही. रागाने लिहिलेले एक पत्र महिनाभर प्रवास करून यावे, त्याला उत्तर लिहून पुन्हा तेवढीच वाट पाहावी, आणि मधल्या काळात रसायनशास्त्राचा व शरीरशास्त्राचा अभ्यास करावा, हे कसे केले असेल?

१८८५ साली गोपाळरावही अमेरिकेस पोहोचले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतील आनंदीबाई, शेजारी जपानी वेषातील केई ओकामी आणि सिरियाच्या पोषाखातील सबात इस्लामबूली अशा तिघी विद्यार्थिनी बसल्या आहेत. आनंदीबाईंनी हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. ही पदवी मिळाली. समारंभास इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. पुढे बोस्टनच्या स्त्रियांच्या इस्पितळात थोडे काम केले, परंतु खोकला आणि ताप पाठ सोडीनात. तो क्षय होता.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवलेली होती. ९ ऑक्टोबर १८८६ ला न्यूयॉर्क सोडून १६ नोव्हेंबरला त्या मुंबईस उतरल्या. ज्यांनी जाताना नावे ठेवली त्यांतील पुष्कळजण आता स्वागताला पुढे झाले. पण कोल्हापूर गाठणे झालेच नाही. पुण्यात औषधपाणी चालू असता २६ फेब्रुवारी १८८७ रोजी प्राण गेला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्या बायकांसाठी एवढा अट्टाहास केला, त्यांच्यापैकी एकीचीही नाडी कोल्हापुरात त्यांच्या हाती आली नाही.

गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेत कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी आपल्या घरच्यांच्या स्मशानभूमीत ठेवल्या आणि वर दगड उभारला. तो आजही तेथे आहे. त्यानंतर पाच वर्षांनी, १८९२ साली, गुरुबाई करमरकर ही दुसरी मराठी स्त्री त्याच कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. तिने मुंबईत कितीतरी वर्षे बायकामुलांना औषध दिले.