मधुमेहींना शिकवणारे डॉ. जोस्लिन

मधुमेहाचे निदान दवाखान्यात होते, पण उपचार चालतो तो रुग्णाच्या घरी. ही गोष्ट ओळखून परिचारिकांना थेट रुग्णांच्या घरी पाठवणारे डॉक्टर म्हणजे इलियट जोस्लिन.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावी ६ जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. हार्वर्डमधून १८९५ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन तीन वर्षांनी त्यांनी बोस्टनमध्ये व्यवसाय सुरू केला. विद्यार्थी असल्यापासूनच ते मधुमेहाच्या रुग्णांची वहीत नोंद ठेवत. पुढे त्यांच्या आईलाही हा आजार झाला. काटेकोर पथ्य पाळून त्या दहाहून अधिक वर्षे जगल्या. पथ्य पाळले तर आयुष्य वाढते, हे जोस्लिन यांनी घरातच पाहिले.

त्या काळी इन्शुलिन नव्हते. जवळजवळ उपासमार करणारा आहार हाच उपाय होता. अन्न तोलून-मापून द्यायचे, रोज लघवीतील साखर तपासायची आणि मूल भुकेने रडले तरी पथ्य मोडू द्यायचे नाही, हे सारे आईवडिलांना शिकवणार कोण? जोस्लिन यांनी त्यासाठी परिचारिका तयार केल्या. या फिरत्या परिचारिका रुग्णाच्या घरी जात, प्रसंगी तिथे राहून घरच्यांना सगळे शिकवत. १९१८ मध्ये जोस्लिन यांनी रुग्णांना स्वतः वाचता येईल असे मार्गदर्शक पुस्तकही काढले.

७ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांच्या रुग्णाला पहिल्यांदा इन्शुलिन मिळाले. ती रुग्ण स्वतः परिचारिका होती. पाच वर्षांच्या आजाराने तिचे वजन जेमतेम ३२ किलोवर आले होते. इन्शुलिनने ती पुन्हा हिंडू-फिरू लागली आणि त्यानंतर वीसहून अधिक वर्षे जगली.

इन्शुलिन आल्यावर परिचारिकेचे काम उलट वाढले. मात्रा जास्त झाली किंवा जेवण चुकले, तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, रुग्ण बेशुद्धही पडू शकतो. तेव्हा लगेच साखर द्यायची, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. सुई उकळणे, मात्रा मोजणे, इंजेक्शनची जागा बदलणे, हेही शिकवावे लागे.

जोस्लिन यांचा पायांच्या निगेवर विशेष भर होता. पायातील संवेदना कमी झाल्यावर छोटी जखमही कळत नाही, ती चिघळते आणि पाय कापण्याची वेळ येते. गँगरीन हा नशिबाचा भाग नसून बहुतेकदा टाळता येतो, असे त्यांनी १९३४ मध्ये ठामपणे मांडले. पाय रोज धुऊन कोरडे करणे, बोटांच्या बेचक्या पाहणे आणि अनवाणी न चालणे हे परिचारिका आजही सांगतात.

साखर काटेकोर ताब्यात ठेवण्याचा त्यांचा आग्रह अनेक डॉक्टरांना अतिरेकी वाटे. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हाही हा वाद मिटला नव्हता. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि नसांचे नुकसान बरेच टळते, हे त्यातून सिद्ध झाले. त्या अभ्यासातही रुग्णांना शिकवण्याचे आणि वरचेवर विचारपूस करण्याचे बरेचसे काम परिचारिकांनीच केले होते.