रंगांचा भाट?

दरबारी चित्रकार म्हणजे रंगांचा भाट, असा सरसकट निवाडा देणाऱ्यांनी अँथनी व्हॅन डाइकचे चरित्र आठवावे. १५९९ साली अँटवर्पला जन्मलेला, रूबेन्सच्या चित्रशाळेत घडलेला हा कलावंत १६३२ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या पदरी राहिला. १६३८ च्या सुमारास त्याने राजाचे तरुण आप्त, जॉन व बर्नार्ड स्टुअर्ट या बंधूंचे चित्र मागणीवरून रंगविले. त्यात रेशमी वस्त्रांचा दिमाख आहे, कुलाभिमान आहे. पण दोघा भावांच्या नजरा एकमेकांना भिडत नाहीत. १६४१ मध्ये चित्रकार निवर्तला. पुढे यादवी युद्धात राजपक्षाकडून लढताना १६४४ साली जॉन आणि १६४५ साली बर्नार्ड कामी आला. १६४९ मध्ये राजाचाही शिरच्छेद झाला. स्तुती ऐकणारे कोणी उरले नाही. उरले ते दोन कोवळे चेहरे. मोल घेऊन केलेल्या कलेतही सत्य टिकते, ते असे!