लुई पाश्चर : रोगजंतूंच्या मागावर

आगगाडीत रोझरी म्हणणाऱ्या वृद्धाची एका तरुणाने थट्टा केली आणि तो वृद्ध लुई पाश्चर निघाला, ही कथा आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. तिला समकालीन आधार नाही. आणि पाश्चर ह्यांचा मोठेपणा समजून घेण्यास तिची गरजही नाही.

२७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल ह्या गावी एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. १८४९ साली मारी लॉरां ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पाच अपत्यांपैकी तीन मुली ह्या दांपत्याने बालवयातच गमावल्या. ९ वर्षांची झान आणि १२ वर्षांची सेसिल ह्या दोघींना विषमज्वराने नेले. १८६८ साली, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, पक्षाघाताने पाश्चर ह्यांची डावी बाजू लुळी पडली. त्यांचे रोगजंतूंवरील सर्वांत मोठे कार्य ह्यानंतरचे आहे.

काळपुळी म्हणजेच अँथ्रॅक्स हा रोग तेव्हा मेंढ्यांचे कळपच्या कळप संपवीत असे. मेंढपाळ, खाटीक आणि कातडी हाताळणारे कामगार ह्यांनाही तो जडे. पाश्चर ह्यांच्या वडिलांचा धंदा त्यांतलाच! काही शेते शापित आहेत, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तेथे पुरलेल्या मृत जनावरांतील जिवाणूंचे बीजाणू गांडुळे मातीबरोबर वर आणतात, असा उलगडा पाश्चर ह्यांनी केला. १८८१ साली पुयी-ल-फोर येथे त्यांनी जाहीर प्रयोग केला. लस टोचलेल्या मेंढ्या जगल्या, न टोचलेल्या मेल्या. मात्र ती लस आपले सहकारी शांबरलां ह्यांच्या पद्धतीने तयार केली होती, हे त्यांनी उघड केले नाही. त्यांच्या प्रयोगवह्यांतून ही गोष्ट पुढे सिद्ध झाली, आणि चरित्रकाराने ती झाकू नये.

ह्याच्या उलट वर्तन लाळेच्या प्रकरणात दिसते. डिसेंबर १८८० मध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयात पाच वर्षांचे एक मूल रेबीजने दगावले. पाश्चर ह्यांनी त्याची लाळ सशांना टोचली. ससे दोन दिवसांच्या आत मेले, आणि त्यांच्या रक्तात आवरणयुक्त, जोडीने राहणारा एक जिवाणू आढळला. रेबीजचे कारण सापडले, असे जाहीर करण्याचा मोह किती मोठा असेल! परंतु पाश्चर ह्यांनी अन्य आजारांनी मेलेल्या बालकांची व निरोगी माणसांचीही लाळ तपासली. तोच जिवाणू तिथेही होता. म्हणजे तो रेबीजचा नव्हे. अमेरिकेत स्टर्नबर्ग ह्यांना तो स्वतःच्याच लाळेत मिळाला होता. पुढे न्यूमोनियाचे एक प्रमुख कारण म्हणून तो न्यूमोकॉकस ह्या नावाने ओळखला गेला. निरोगी मुखात निमूट राहणारा हा जिवाणू दुर्बळ बालकाच्या वा वृद्धाच्या फुप्फुसात उतरला, तर प्राणघातक ठरतो. आज बालकांना ह्याच जिवाणूविरुद्ध लस दिली जाते.

रेबीजचा जंतू पाश्चर ह्यांना कधीच दिसला नाही. तो विषाणू, त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचा. तरीही सशांच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून त्यांनी लस बनविली. ६ जुलै १८८५ रोजी आल्सासमधील ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याची आई पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेल्या अवस्थेत घेऊन आली. पाश्चर वैद्य नव्हते, म्हणून डॉ. ग्रांशे ह्यांनी सुई टोचली. दहा दिवसांत तेरा वेळा लस दिली गेली. तीन लेकरांना मूठमाती दिलेल्या पित्याची त्या रात्रींतली अवस्था आपण समजू शकतो. जोसेफ वाचला. त्याच वर्षअखेर मात्र चाव्यानंतर बऱ्याच उशिरा आणलेली लुईझ पेल्तिये ही बालिका त्यांना वाचविता आली नाही.

१८८८ साली पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी देह ठेवला. अखेरच्या घटकेस त्यांचा एक हात पत्नीच्या हातात होता, दुसऱ्या हातात क्रूस. नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाल्यावर त्यांचे शव संस्थेच्या तळघरातील कबरीत ठेवण्यात आले. तेथील घुमटावर चार देवदूत आहेत : श्रद्धा, आशा, प्रीती आणि चौथा विज्ञान. १९१० साली मारी ह्यांनाही तेथेच विसावा मिळाला.