केडगावची माउली : पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी यवत सोडून पुढे निघाली की काही वेळाने केडगाव स्टेशन लागते. शिरूरकडील आपल्या ज्ञातिबांधवांस न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुल्यास आले की तेच गाव जवळ पडते. या मार्गाने आपल्यापैकी प्रत्येक जण शेकडो वेळा गेला असेल. परंतु एका असामान्य स्त्रीने आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध याच माळावर वेचला, हे तरुण पिढीपैकी किती जणांस ठाऊक असेल, याची आम्हांस शंका वाटते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी पंडिता रमाबाईंचे अल्प चरित्र सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

जगात स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न क्रांतीच्या काळातच प्रथम जोराने पुढे आला. 1789 साली फ्रान्सने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, पण त्यातील मानव म्हणजे केवळ पुरुष होता. ओलँप द गूज नामक बाईने 1791 मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला, आणि दोनच वर्षांनी त्याच क्रांतीच्या राज्यकर्त्यांनी तिचा शिरच्छेद केला. पुढे 1848 मध्ये युरोपात पुन्हा क्रांतीचा वणवा पेटला असता आपल्या पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. ही क्रांती पाटी-पेन्सिलीची होती, एवढाच फरक. त्यानंतर दहा वर्षांनी, 23 एप्रिल 1858 रोजी, रमाबाईंचा जन्म झाला.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल स्वजनांचा रोष त्यांनी पत्करला, पण निश्चय सोडला नाही. मातेकडून संस्कृताचे धडे घेत रमाबाईंनी अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत केले. तीर्थोतीर्थी पुराण सांगत हे कुटुंब फिरत असता दुष्काळाने गाठले. आई-वडील व थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरलेली दोघे भावंडे उपाशीपोटी हजारो मैल पायी हिंडली आणि 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या.

भाऊ श्रीनिवास 1880 मध्ये वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या कायस्थ वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरचा हा विवाह दोन्हीकडच्या समाजांस रुचला नाही. पण दोन वर्षांच्या आतच पतीचे निधन झाले, आणि तान्ह्या मनोरमेस कडेवर घेऊन ही विधवा 1882 साली पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला व 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर तयार करावेत, अशी मागणी त्यांनी केली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून 1883 मध्ये त्या विलायतेस गेल्या. परंतु कानांनी ऐकू येणे कमी झाल्याने तो बेत सोडावा लागला. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरीच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या व हिंदू विधवांची दैना तेथील लोकांपुढे मांडून त्यांनी विधवांच्या आश्रमासाठी मदत उभी केली.

तो आश्रम म्हणजे शारदा सदन. 11 मार्च 1889 रोजी तो मुंबईस उघडला व पुढच्या वर्षी पुण्यास आला. तेथील गोदूबाई या बालविधवेशी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. त्याच वर्षी, सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पाडली जाते, असा आक्षेप येऊन मोठा वाद माजला. रानडे व भांडारकर यांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा आक्षेप अगदीच निराधार होता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या मुलींस आधी समाजाने घरात कोणते स्थान दिले होते, हा प्रश्न त्या वादात फारच थोड्यांनी विचारला, हेही खरे.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः भोगलेली उपासमार त्यांस तेथे पुन्हा दिसली. तेथून शेकडो अनाथ मुली व विधवा त्यांनी केडगावच्या आपल्या शेतावर आणल्या आणि त्यांतून मुक्तिसदन उभे राहिले. विहिरी खणल्या, शेती पिकविली, माग चालविले, छापखाना घातला. अंध मुलींस ब्रेल लिपी शिकविली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले. 1900 च्या सुमारास तेथे दीड हजारांवर माणसे राहत होती. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी बायबलचा मराठी अनुवाद केला व तो तेथील स्त्रियांनीच छापला. 1921 मध्ये कन्या मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या.

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या घरी एक आत्याआजी होत्या. आठव्या वर्षी त्यांस वैधव्य आले. अक्षरओळख नाही, सणासमारंभात पुढे येणे नाही; सारा जन्म चुलीपाशी गेला. आमच्या लहानपणी दौंडला जाताना केडगावास गाडी थांबली की त्या खिडकीबाहेर पाहत राहत आणि गाडी हलेपर्यंत कोणाशी बोलत नसत. काय पाहता, असे आम्ही विचारले तर उत्तर मिळत नसे. त्या खिडकीतून त्यांस काय दिसत होते, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

रमाबाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, आपल्या धर्मातही राहिल्या नाहीत; मग त्यांचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, आपल्या ज्ञातीतील लेकीबाळींचे अश्रू जेव्हा आपणांस दिसत नव्हते, तेव्हा ते पाहणारी एक बाई आपल्याच तालुक्यात राहत होती. तिचे ऋण मान्य करण्यास तिचा धर्म स्वीकारावा लागत नाही.

गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत आपल्या मुलींची नावे वाचून उर भरून येतो. परंतु वधू-वर परिचयाच्या पानांत विधवा भगिनीचे नाव आजही क्वचितच आढळते. ते नाव तेथे संकोचाशिवाय छापले जावे आणि तिच्या घरी ज्ञातीतील माणसांनी सन्मानाने जावे, एवढी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.